टोळ खातो, पाला नको म्हणतो

या महिन्यात एका बहिणीचे पत्र आले आहे. कुटुंब मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, पण गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहते. पत्र लांब आहे. त्यातला मुख्य भाग असा :

"अस्सलामु अलैकुम. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षांची ईदी साठवून बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा घेतला. चार महिन्यांचे पिल्लू आहे. टोळ किंवा रातकिडे टाकले की झडप घालून खाते, पण पालेभाजीकडे बघतसुद्धा नाही. तीन आठवडे झाले, रोज सकाळी वाटी भरून ठेवतो आणि संध्याकाळी सुकलेला पाला उचलून टाकतो. एका ओळखीच्या माणसाने सांगितले, आठवडाभर किडे बंद करा, भूक लागली की आपोआप पाला खाईल. आम्ही दोन दिवस बंद केले. पिल्लू काचेला नाक लावून बसून राहिले. मुलगा रात्री उठून टॉर्च लावून बघायचा, ते जिवंत आहे ना. तिसऱ्या दिवशी त्याने रडत रडत किडे टाकले. त्याचे अब्बा म्हणतात, तू लाड करतोस म्हणून ते शिकत नाही. सासूबाई म्हणतात, आपली माठाची भाजी द्या, बघा कसा खातो. मुलगा मला विचारतो, 'अम्मी, मी त्याला वाईट सवय लावतोय का?' त्याला काय सांगू?"

वालैकुम अस्सलाम, बहीण. उत्तर आधी देतो, कारणे मागून सांगतो. किडे बंद करू नका. मुलाने तिसऱ्या दिवशी जे केले ते बरोबर केले. आणि पाल्याची वाटीही बंद करू नका, ती रोज ठेवा. या दोन गोष्टी एकत्र चालल्या पाहिजेत. एकीसाठी दुसरी थांबवली की पिलाचे नुकसान होते.

या सदरात आपण नेहमी मुलांच्या अभ्यासाबद्दल, डब्याबद्दल, मोबाईलबद्दल बोलतो. सरड्याच्या डब्याबद्दल पहिल्यांदाच बोलत आहोत. पण घरातल्या मुलाने एका जिवाची जबाबदारी घेतली आहे आणि घरातली तीन मोठी माणसे त्याला तीन वेगळे सल्ले देत आहेत, हा प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो. म्हणून पत्राला पूर्ण जागा देत आहोत.

हा प्राणी कोण?

इथल्या वाचकांसाठी थोडी ओळख. बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे दाढीवाला सरडा. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या कोरड्या, उष्ण प्रदेशात तो राहतो. आपल्याकडे कुंपणावर मान वरखाली करत बसणारा सरडा ज्या अ‍ॅगॅमिडी कुळातला, त्याच कुळातला हा. गळ्याखाली काटेरी खवले असतात. घाबरला किंवा रागावला की तो गळा फुगवतो आणि ती 'दाढी' काळी पडते. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा शेपटीसकट साधारण १० सेंटिमीटर असतो, पूर्ण वाढल्यावर ४० ते ६० सेंटिमीटर. नीट सांभाळला तर दहा वर्षे जगतो, कधी त्याहून जास्त.

ऑस्ट्रेलिया आपल्या देशी प्राण्यांची व्यापारासाठी निर्यात होऊ देत नाही. त्यामुळे इंग्लंडमध्ये विकली जाणारी ही पिले तिथेच किंवा आसपासच्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात जन्मलेली असतात. बर्मिंगहॅमच्या पेटीतल्या या पिलाने वाळवंट पाहिलेले नाही. त्याने आजवर फक्त तेच अन्न पाहिले आहे, जे कोणीतरी त्याच्या समोर टाकले.

इथे महाराष्ट्रात कोणाच्या मुलाने असा हट्ट धरला तर आधी वनविभागाकडे चौकशी करावी. परदेशी प्राणी पाळण्याबाबत आपल्याकडे कायदा आणि नोंदणीचे नियम आहेत. आणि बागेतला सरडा पकडून काचेच्या पेटीत तर मुळीच ठेवू नये. तो मोकळाच बरा.

पिल्लू पाला का नाकारते?

हा सरडा किडेही खातो आणि पालाही. पण वयाप्रमाणे दोन्हींचे प्रमाण बदलते. अंड्यातून निघालेले पिल्लू दोन-तीन ग्रॅमचे असते. वर्ष-दीड वर्षात ते तीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे शंभरपटीहून जास्त वाढ. एवढे हाडामांसाचे शरीर उभे करायला प्रथिने लागतात, ती किड्यांत असतात. म्हणून लहानपणी त्याच्या खाण्यात किड्यांचा वाटा मोठा असतो आणि पाल्याचा लहान. साधारणपणे तीन हिस्से किडे, एक हिस्सा पाला असे धरतात. वाढ पूर्ण झाली की हे गणित उलटते. मग पाला आणि भाज्या हे मुख्य जेवण होते आणि किडे आठवड्यातून काही वेळाच द्यायचे असतात.

दुसरे कारण त्याच्या डोळ्यांचे. पिल्लू हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालते. टोळ उडी मारतो, रातकिडा पळतो, डोळा तिकडे जातो आणि जीभ बाहेर येते. वाटीतला पाला हलत नाही. पिलाच्या दृष्टीने ती वाटी म्हणजे पेटीतला आणखी एक दगड. त्याला पाला आवडत नाही असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा पाला हे अन्न आहे, हेच त्याला अजून कळलेले नसते.

आता त्या ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याबद्दल. तो सल्ला अगदीच हवेतला नाही. पूर्ण वाढलेला, किडे खाऊन जाड झालेला सरडा पाल्याला तोंड लावत नसेल, तर त्याचे किडे कमी करतात. त्याच्या अंगात चरबीचा साठा असतो, काही दिवस कमी खाल्ले तरी त्याला सोसते. चार महिन्यांच्या पिलाकडे असा साठा नसतो. त्याची हाडे रोज वाढत आहेत. त्याला उपाशी ठेवले की वाढ खुंटते, अंगातले पाणी कमी होते, अंग सुस्त पडते. आणि सुस्त पडलेले पिल्लू नवी गोष्ट चाखून बघत नाही. ज्यासाठी उपास घडवला तेच होत नाही.

भाईसाहेबांनाही एक विनंती. मुलाचे लाड होऊ नयेत ही तुमची काळजी रास्त आहे. शाळेत आम्हीही रोज बघतो, भाजी तशीच परत नेणाऱ्या मुलाला घरी वेफर्सचे पाकीट मिळाले की तो भाजी खायला कधीच शिकत नाही. पण मुलात आणि या पिलात फरक आहे. मुलाला सांगता येते, समजावता येते. तो रोजा ठेवतो तेव्हा नियत करून ठेवतो, इफ्तारची वेळ त्याला माहीत असते. काचेच्या पेटीतल्या जिवाला आपण का उपाशी आहोत आणि कधीपर्यंत, हे कळायला मार्ग नाही. रानात असता तर एक गोष्ट नाही मिळाली म्हणून तो दुसऱ्या झुडपाकडे गेला असता. मांजराला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत असते. तिने मांजराला खायलाही दिले नाही आणि बाहेर जाऊन खायला सोडलेही नाही. कोंडलेल्या प्राण्याचे पोट पूर्णपणे कोंडणाऱ्याच्या हाती असते, एवढी गोष्ट या प्रश्नात विसरू नये.

आधी ऊन तपासा

पाला बदलण्याआधी, वाटी बदलण्याआधी, पेटीतले ऊन आणि उजेड तपासा. हे काम भाईसाहेबांनी आपल्याकडे घ्यावे.

सरड्याचे रक्त स्वतः गरम होत नाही. बाहेरची उष्णता मिळाली तरच त्याचे पोट काम करते. अंग पुरेसे तापले नाही तर खाल्लेले पचत नाही, आणि पचले नाही की भूक लागत नाही. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली बसायची जागा असते. तिथला दगड किंवा फांदी साधारण ४० अंश सेल्सिअस तापली पाहिजे. दुसरे टोक २४ ते २८ अंशांच्या आसपास थंड राहिले पाहिजे, म्हणजे पिलाला हवे तेव्हा बाजूला जाता येते. काचेला चिकटवायची घड्याळासारखी तापमापके बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतात. तार असलेले डिजिटल तापमापक किंवा दुरून रोखायचे इन्फ्रारेड तापमापक घ्या, आणि बसायच्या नेमक्या जागी मोजा.

दुसरा दिवा यूव्हीबी किरणांचा. उन्हातली ही किरणे अंगावर पडली की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच खाल्लेले कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचते. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत उन्हातल्या या प्राण्याला बर्मिंगहॅमच्या ढगाळ आभाळात हे मिळणे शक्य नाही. खिडकीपाशी पेटी ठेवूनही भागत नाही, कारण काच ही किरणे जवळजवळ सगळी अडवते. त्यासाठी वेगळी यूव्हीबी नळी लागते, तीही पेटीच्या बऱ्याच लांबीवर पसरलेली, आणि पिलाच्या व नळीच्या मध्ये काच नसलेली. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही : नळी डोळ्यांना पेटलेली दिसते, पण तिच्यातली यूव्हीबी हळूहळू कमी होत जाते. म्हणून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, कंपनीने सांगितले असेल तसे, ती बदलावी लागते. पेटी जुनी, कोणाची वापरलेली घेतली असेल तर नळीही जुनी असण्याची शक्यता आहे. दिवे दिवसातून बारा तास चालू आणि रात्री पूर्ण अंधार. मुलाने रात्री टॉर्च मारणे बंद करावे, पिलाची झोपमोड होते.

नवीन घरात आल्यावर पहिला आठवडा-पंधरवडा पिल्लू कमी खाते. कात टाकतानाही कमी खाते. या दोन वेळा घाबरून जाऊ नये.

कोणता पाला द्यावा, कोणता नाही

सासूबाईंना आमचा सलाम सांगा. त्यांची सूचना प्रेमाची आहे, पण माठ देऊ नका. माठ, पालक, चाकवत, आंबट चुका, बीटाची पाने यांत ऑक्झलेट नावाचा घटक जास्त असतो. तो कॅल्शियमला पकडून ठेवतो आणि शरीराला मिळू देत नाही. आपण माणसे भाजीबरोबर आणखी दहा गोष्टी खातो, आपले निभावते. वाढत्या हाडांच्या पिलाला कॅल्शियमचा एकेक कण महत्त्वाचा. अळूची पाने तर या प्राण्याला अजिबात नकोत. आपल्या घशाला कच्चे अळू खाजते ते ऑक्झलेटच्याच सुयांसारख्या स्फटिकांमुळे.

सासूबाईंच्या ओळखीच्या भाज्यांपैकी मोहरीची पाने चालतात, म्हणजे ज्याला आपण सरसोंचा साग म्हणतो. तिकडच्या देशी दुकानांत ती जुडीने मिळतात. कोथिंबीर अधूनमधून, थोडी. तिकडच्या बाजारातले रॉकेट, वॉटरक्रेस आणि एन्डाइव्ह हेही चांगले. आणि सगळ्यांत चांगला पाला फुकट आहे : डँडेलियन. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात अंगणाअंगणात पिवळ्या फुलांचे हे रोप उगवते. त्याची पाने आणि फुले दोन्ही पिलाला चालतात. फक्त औषध फवारलेल्या, कुत्री फिरतात अशा किंवा रस्त्याकडेच्या जागेवरून तोडू नका. घरात कुंडीत जास्वंद असेल आणि तिच्यावर काही फवारलेले नसेल तर तिची फुलेही देता येतात.

भाज्यांपैकी लाल भोपळा किंवा बटरनट भोपळा बारीक किसून, आणि रंगीत ढोबळी मिरचीचे बारीक तुकडे. केल आणि कोबी रोज नकोत, कधीतरी चालतात. फळे अगदी क्वचित, चवीपुरती, कारण साखर जास्त. आइसबर्ग नावाच्या लेट्यूसने पोट भरते, पण त्यात पाण्याशिवाय फारसे काही नसते. अ‍ॅव्होकॅडो, रुबार्ब, कांदा आणि लसूण कधीही देऊ नका. अ‍ॅव्होकॅडो आणि रुबार्ब विषारी ठरू शकतात.

कसा वाढावा?

वेळ महत्त्वाची. सकाळी दिवे लागल्यावर पिलाला तासभर शेकू द्या. मग पाल्याची वाटी ठेवा, आधी पाला, किडे नंतर. तासाभराने किडे द्या, पाला खाल्लेला असो वा नसो. भुकेची पहिली वेळ पाल्याला मिळते आणि पिल्लू उपाशीही राहत नाही. त्या ओळखीच्या माणसाच्या सल्ल्यातला चांगला भाग एवढाच, आणि तो एका तासाचा आहे, आठवड्याचा नाही.

पाला बारीक चिरा. सासूबाई कोशिंबिरीला चिरतात त्याहूनही बारीक. पिलाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा तुकडा नको. हाच नियम किड्यांनाही लावा. वाटी उथळ आणि चढायला सोपी असावी, काठ उंच असेल तर आत काय आहे ते पिलाला दिसतच नाही. पाला धुऊन झटका आणि थोडे थेंब तसेच राहू द्या. ओला पाला लवकर सुकत नाही आणि पिलाच्या पोटात पाणीही जाते.

या सरड्यांना रंग चांगले दिसतात. हिरव्या पाल्यावर किसलेल्या भोपळ्याची केशरी चिमूट, लाल मिरचीचे दोन तुकडे किंवा डँडेलियनच्या पिवळ्या पाकळ्या टाका. आधी तो रंगावर तोंड मारील, त्याबरोबर हिरवे पान तोंडात जाईल. चव अशीच कळते.

हालचालीची अडचणही सोडवता येते. चिमट्यात पानाची लांब पट्टी धरून पिलाच्या नाकासमोर हळूच हलवा. एकदा टोळ द्यायचा, एकदा पान. काही वेळा ते झडपेच्या भरात पान घेते. एखादे मोठे पान फांदीला असे अडकवा की हवेने हलेल. आणि सगळ्यांत उपयोगी युक्ती : गुळगुळीत काठाच्या वाटीत पाल्यामध्ये लहान अळ्या सोडा. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या तिकडे प्राण्यांच्या दुकानात मिळतात, त्यांत कॅल्शियमही चांगले असते. अळी वळवळते, वरचे पान हलते, पिल्लू झडप घालते आणि अळीबरोबर पान खाते. जबडा उघडून जबरदस्तीने पाला कोंबू नका. लहान पिलाचा जबडा नाजूक असतो, आणि पुढे हात दिसला की ते पळू लागते.

एकच पाला तीन आठवडे दिला असेल तर बदला. दर दोन-तीन दिवसांनी वेगळा. पिल्लू काल ज्याच्याकडे बघत नव्हते, ते महिन्याने खाते असे होते. काही पिले आठवड्यात पाला खाऊ लागतात, काहींना वर्षाची होईपर्यंत वेळ लागतो. त्या वेळी वाटी रोज समोर असली तरच ते घडते.

तोवर पाला पोटात कसा जाईल?

किड्यांमार्फत. हा उपाय मुलाला फार आवडेल असे वाटते. दुकानातून आणलेले टोळ बऱ्याचदा उपाशी असतात. ते तसेच टाकले तर पिलाला नुसते कवच आणि थोडे प्रथिन मिळते. त्याऐवजी टोळांना एक-दोन दिवस मोहरीची पाने, डँडेलियन, भोपळा खायला घाला. पोट भरलेला टोळ पिलाने खाल्ला की तोच पाला त्याच्या पोटात जातो. पिल्लू स्वतःहून पाला खाऊ लागेपर्यंत हा आधार मोठा आहे.

तरीही कॅल्शियमची भर लागते. टोळ आणि रातकिड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते. म्हणून किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून देतात. साधी भुकटी जवळजवळ रोज, जीवनसत्त्वांची भुकटी आठवड्यातून एक-दोनदा, नेमके प्रमाण डॉक्टरांना विचारून. या वयात दिवसातून साधारण दोन वेळा किडे द्यावेत, दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे. उरलेले काढून घ्या. पेटीत राहिलेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिलाला चावतात. वॅक्सवर्म नावाच्या पांढऱ्या अळ्या म्हणजे मिठाई. त्यांची चटक लागली की बाकी सगळे नको होते. अंगणातले किडे पकडून देऊ नका, त्यांच्यावर औषध पडलेले असू शकते. काजवे तर या सरड्यांना मारक आहेत.

डॉक्टरकडे केव्हा?

किडे नीट खाते, डोळे स्वच्छ आहेत, अंग उचलून चालते, वजन वाढते आहे, आणि फक्त पाला नको म्हणते, तर घाई नाही. पण या वयाच्या पिलाने किडेही दोन-तीन दिवस सोडले, वजन घटले, डोळे खोल गेले, शी पातळ आणि फार दुर्गंधी येऊ लागली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे न्या आणि शीचा नमुना तपासून घ्या. पोटातल्या जंतूंमुळे भूक मरते. पाय थरथरणे, जबडा मऊ लागणे, हातपाय सुजल्यासारखे किंवा वाकलेले दिसणे ही हाडे कमजोर होत असल्याची लक्षणे आहेत. यात एक दिवसही थांबू नये.

घरच्यांसाठी एक सूचना. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, प्राणी निरोगी दिसत असला तरी. हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. त्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची मुले आणि सासूबाईंसारखी वयस्कर माणसे यांनी त्याला न हाताळलेले बरे. सासूबाईंनी पाला चिरून द्यावा, वाटी नातवाने ठेवावी.

मुलाला काय सांगायचे?

त्याने विचारले आहे, मी वाईट सवय लावतोय का. त्याला सांगा : नाही बेटा. तू लाड केले नाहीस, तू त्याच्या वयाला जे लागते ते दिलेस. वाईट सवय लागली असती, जर तू पाल्याची वाटी ठेवणे सोडले असतेस. तू तीन आठवडे रोज ती ठेवलीस आणि सुकलेली उचललीस. कोणी शाबासकी दिली नाही, पिलानेही दिली नाही, तरी ठेवलीस. आमच्या वर्गात अशी मुले फार नसतात.

त्याला एक वही द्या. दर जुम्याला पिलाचे वजन ग्रॅममध्ये लिहायचे, वजनकाटा फक्त पिलासाठी वेगळा. शेजारी लिहायचे, या आठवड्यात कोणता पाला ठेवला, किती चाखला, दगडाचे तापमान किती होते. डॉक्टरकडे गेल्यावर हीच वही सगळ्यांत उपयोगी पडेल. रात्री उठून बघण्यापेक्षा वही बघावी. वजन वाढते आहे म्हणजे पिल्लू ठीक आहे.

आणि त्याला हेही खरे सांगा की काम लांबचे आहे. पिल्लू वर्षाचे होईल तेव्हा पाला त्याचे मुख्य जेवण होणार आहे, आणि ते दहा वर्षे जगले तर तेव्हा तो स्वतः एकवीस वर्षांचा असेल, कॉलेजात किंवा नोकरीत. तेव्हाही सकाळी कोणीतरी पाला चिरून ठेवावा लागेल. ते कोण करील, हे भाईसाहेबांनी आणि मुलाने आजच बसून बोलून घ्यावे. त्या बोलण्यात मुलाला रागावू नये. अकरा वर्षांच्या मुलाने ईदीचे पैसे दोन वर्षे राखून एक जीव घरी आणला आहे, त्याच्याशी मोठ्या माणसासारखे बोलता येईल.

पिलाने पहिले पान खाल्ले की आम्हाला जरूर कळवा. कोणते पान होते तेही लिहा, इतर घरांना उपयोग होईल, इन्शाअल्लाह.